वाट मोकळी करणारा वीर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणावरून)



एखाद्या शूर सैनिकाच्या जीवनावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. शूर सैनिक म्हटला की बंदूक रोखून शत्रूवर तुटून पडणारा जवान आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. मी आज ज्यांची हकीकत सांगणार आहे, त्यांना परमवीरचक्र मिळाले ते गोळ्यांच्या वर्षावात रस्ता मोकळा करून दिल्याबद्दल. त्यांचे नाव रामा राघोबा राणे.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. गाव कारवारजवळचे चेंडिया. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. वडील पोलीस शिपाई. त्यांची बदली झाली की मुलाची शाळा बदलायची. त्यामुळे राणे यांचे शिक्षण तुटक-तुटकच झाले. १९४० साली, बाविसाव्या वर्षी, ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. सॅपर्स म्हणजे आपले जुने लोक ज्यांना सफरमैना म्हणत ते. पूल बांधणे, सुरुंग काढणे, रस्ते करणे हे त्यांचे काम.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले. माघारीच्या वेळी बुथिडाउंग येथील महत्त्वाची सामग्री नष्ट करण्यासाठी त्यांना दोन तुकड्यांसह मागे ठेवले होते. न्यायला येणारे जहाज आलेच नाही. तेव्हा जपानी गस्त चुकवून, नदी ओलांडून ही माणसे आपल्या सैन्याला येऊन मिळाली. पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर काही महिन्यांतच राणे सेकंड लेफ्टनंट झाले. शिपाई म्हणून आलेला माणूस तिशीच्या उंबरठ्यावर अधिकारी झाला.

आता काश्मीरकडे येऊ. १९४८ च्या फेब्रुवारीत नौशेऱ्यावर मोठा हल्ला आला. तो ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या ब्रिगेडने परतवला. झांगर हे ठाणे परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, असा उस्मान साहेबांचा निश्चय होता. मार्चमध्ये झांगर घेतले गेले. त्यानंतर नौशेऱ्याहून राजौरीकडे कूच करायचे ठरले. राजौरी शत्रूच्या ताब्यात होती आणि रणगाडे पुढे नेल्यावाचून ती सुटणार नव्हती.

तो रस्ता कसा होता? आपण परतवाड्याहून चिखलदऱ्याला जातो, तो घाट आठवा. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी. त्यात जागोजागी चीडाची झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, जमिनीत सुरुंग, आणि वरून मशीनगनचा मारा. अशा रस्त्यावर राणे यांची तुकडी पुढे गेली.

८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेली माणसे गोळा केली आणि रात्री दहापर्यंत काम केले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. त्या दिवशी एकामागून एक अडथळे त्यांनी सुरुंग लावून उडवले. १० तारखेला तर पावणेपाचलाच ते कामाला लागले, आणि विश्रांती व अन्नावाचून रात्री नऊपर्यंत राबले. ११ तारखेला सकाळी अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. तरी ते थांबले नाहीत, पुढचा रस्ता रात्री दहापर्यंत साफ करीत राहिले. १२ एप्रिलला राजौरी आपल्या सैन्याच्या हाती आली.

परमवीरचक्राची स्थापना १९५० साली झाली. हा मान जिवंतपणी मिळालेल्या अगदी पहिल्या वीरांत राणे होते. १९९४ साली त्यांचे निधन झाले. उस्मान साहेब मात्र ३ जुलै १९४८ रोजी झांगर येथेच शहीद झाले. छत्तीस वर्षे पुरी व्हायला बारा दिवस कमी होते. त्यांना महावीरचक्र देण्यात आले. दिल्लीत जामिया मिलिया या शिक्षणसंस्थेच्या आवारात त्यांची कबर आहे. एकाच आघाडीवरचे हे दोन वीर, एक कारवारचा, दुसरा आझमगडकडचा. रस्ता सर्वांचाच होता.

पालकहो, ही हकीकत मी आज का निवडली, ते सांगतो. मी बरीच वर्षे शिक्षक होतो. माझ्या वर्गात एका जिनिंग कामगाराचा मुलगा होता. वडिलांचे काम हंगामाचे, म्हणून शाळा दोनदा सुटली. तिसऱ्यांदा ते त्याला घेऊन आले तेव्हा मीच त्यांना म्हणालो, 'आता याला गॅरेजमध्ये घाला, शाळा याच्याच्याने होणार नाही.' त्यांनी माझे ऐकले. पुढे त्या मुलाने दिवसा गॅरेजात काम करून सतरा नंबरचा फॉर्म भरला, दहावी काढली, आय.टी.आय. केले. त्याच्या वाटेतला एक ओंडका मी होतो, हे मला फार उशिरा कळले. हे सांगताना आजही मला शरम वाटते.

शाळा सुटलेल्या मुलाची वाट संपली, असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. मुलींच्या बाबतीत तर त्याहून लवकर. ज्यांची शाळा वडिलांच्या बदल्यांत तुटत गेली, त्या राणे यांच्याबद्दलही कोणी असेच ठरवले असते. आपल्या मोहल्ल्यात यंदा कोणाची शाळा सुटली आहे, हे आज घरी गेल्यावर आठवून पाहा आणि उद्या त्या घरी जा. फी अडली आहे की पुस्तके, की घरातल्या कोणाचा नकार, ते विचारा. एका दिवसात काम होणार नाही. राणे यांनाही एका दिवसात झाले नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. आज तुम्ही ज्या रस्त्याने शाळेत आलात, तो कोणीतरी आधी साफ केलेला आहे. तुमच्या मागून येणाऱ्यांसाठी तुम्हीही थोडा साफ करा.

जय हिंद!