खिशातील घड्याळाचे माप

खिशात ठेवण्याच्या जुन्या घड्याळाचे माप म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो बाहेरच्या डबीचा नसून आतील यंत्राचा असतो. डबी सोन्याची, चांदीची वा निकेलची, पातळ किंवा जाड अशी हवी तशी घडवता येते आणि पुढे बदलताही येते. परंतु यंत्राची मुख्य पट्टी, म्हणजे तबकडीच्या लगत खाली असलेली व चाकांना आधार देणारी धातूची गोल चकती, बदलत नाही, आणि म्हणूनच तिचा व्यास प्रमाण मानला गेला.

हा आकडा म्हणजे सरळ लांबीही नव्हे. भिवंडीच्या यंत्रमागावर ४० काउंटचे सूत म्हटले की एका पौंडात ८४० यार्डांच्या ४० लडी बसतात असा अर्थ होतो. त्याप्रमाणे घड्याळाच्या आकड्यामागेही एक ठरलेला हिशेब आहे. इंग्लंडमधील लँकाशायर परगण्यात रूढ झालेल्या आणि पुढे अमेरिकी कारखान्यांनी उचललेल्या पद्धतीत मूळ १ इंच धरून त्यात ५/३० इंचांची भर घालतात, कारण जुन्या इंग्रजी घड्याळाचे यंत्र बिजागरीवर फिरून डबीबाहेर येत असे व त्यासाठी तबकडीकडची बाजू थोडी मोठी ठेवावी लागे. हे झाले शून्य माप. त्यापुढे प्रत्येक आकड्याला १/३० इंच वाढतो. त्यामुळे १६ मापाचे यंत्र १.७ इंच, म्हणजे ४३.१८ मिलिमीटर भरते, तर १८ मापाचे सुमारे ४४.९ मिलिमीटर. शून्याहून लहान यंत्रांसाठी त्याच पायरीने खाली उतरावे लागते.

मुंबई परिसरात मात्र दुसऱ्या पद्धतीशी अधिक गाठ पडते. मुंबईत १८८६ साली सुरू झालेली वेस्ट एंड वॉच कंपनी आणि तिच्याही आधी भारतात आलेली फाव्र-ल्युबा यांनी येथे स्विस घड्याळे विकली, आणि स्विस कारागीर लीन्य या जुन्या फ्रेंच एककात मोजत. १२ लीन्यांचा एक फ्रेंच इंच होतो व एक लीन्य साधारण २.२५६ मिलिमीटर असते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचली, आणि ज्या कामात मिनिटालाही मोल होते त्या कामाने खिशातील घड्याळाचे महत्त्व वाढवले; भिवंडी-कल्याण भागातील एखाद्या घरात असे घड्याळ जपलेले असेल, तर त्याचे माप बहुधा लीन्यांतच सांगावे लागेल.

या दोन पद्धतींची सरमिसळ करणे महागात पडते. १९ लीन्यांचे यंत्र ४२.८६ मिलिमीटरचे, म्हणजे १६ मापाच्या अगदी जवळचे असते. तरीही मधला सुमारे एकतृतीयांश मिलिमीटरचा फरक एकाचे यंत्र दुसऱ्याच्या डबीत नीट बसू न देण्यास पुरेसा आहे. व्यास जुळला तरी जाडी, चावीच्या दांड्याची जागा आणि स्क्रूंची जागा जुळेलच असे नाही. म्हणून काचेचे कडे उघडून, यंत्र डबीतून जपून काढून, मुख्य पट्टीचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मिलिमीटरमध्ये मोजावा आणि तो आकडा मग लीन्यांत किंवा लँकाशायर मापात बदलून घ्यावा. यंत्र काढण्याचा सराव नसल्यास हे काम जाणत्या घड्याळजीकडे सोपवावे.