गंगावन : हौस आणि हानी

(साकोली येथील नाभिक समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, महिलांच्या सभेत केलेले भाषण)



संत सेना महाराजांना वंदन करून सुरू झालेल्या या सभेत सकाळपासून शिक्षण, वसतिगृह, लग्नातील खर्च अशा थोर विषयांचा ऊहापोह झाला. त्या मानाने माझा विषय काहींना किरकोळ वाटेल. मी गंगावनाविषयी बोलणार आहे. परंतु केसांवर ज्या समाजाची चूल पेटत आली, त्याने तरी या विषयाला किरकोळ म्हणू नये.

गंगावन ही काही नवी वस्तू नव्हे. कंगव्यात आलेले केस फेकून न देता गुंडाळून ठेवावेत आणि पुरेसे साठले म्हणजे त्यांचेच गंगावन करून घ्यावे, ही आपल्या आज्यांची काटकसर होती. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. तेथे रात्रभर चालणाऱ्या दंडारीत मिशी उतरवलेला गडी गंगावन लावून नटीच्या वेषात उभा राही. तिकडे बालगंधर्वांनी स्त्रीवेषाची अशी मोहिनी घातली होती की, घरंदाज स्त्रियाही त्यांच्यासारखी केशरचना करू पाहत. तात्पर्य, लांबसडक केसांची हौस ही आजच्या मुलींची खोड आहे, असे म्हणून त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आजारपणाने किंवा बाळंतपणाने ज्या भगिनीची वेणी शेपटीएवढी उरली, तिला आरशापुढे काय वाटत असेल, हे आपण जाणतोच. गंगावनाने तिला चार माणसांत मान वर करून बसता येत असेल, तर त्यात पाप कसले?

मात्र एक भेद ध्यानात घ्या. पहाटे दंडार संपली की गड्याच्या डोक्यावरचे गंगावन उतरत असे. आजचे ‘एक्सटेन्शन’ उतरत नाही. ते चिकटपट्टीने, गोंदाने किंवा बारीक घट्ट वेण्यांत गुंफून बसविले जाते आणि आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने डोक्यावर राहते. सारा धोका या न उतरण्यात आहे.

हे मी पुस्तकी ज्ञानाने सांगत नाही. स्त्रियांच्या केशभूषेचे माझे स्वतःचे दुकान आहे. गेल्या लग्नसराईत माझ्या सख्ख्या पुतणीला मीच असे केस जोडून दिले. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, “आत्या, कानशिलाशी ओढ बसते, रात्री झोप येत नाही.” मी म्हटले, “होईल सवय.” चार महिन्यांनी जोड सोडविली, तेव्हा दोन्ही कानशिलांवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. सततच्या ओढीने मुळे दुखावली, ही पहिली. दुसरी ऐकून मला अधिक लाज वाटली. पोरीच्या अंगात रक्त फार कमी होते. तिचे केस मुळात विरळ का झाले, हे मी विचारलेच नव्हते. मी रोगाच्या खुणेवर पडदा टाकला आणि वर त्याचे पैसे घेतले.

भगिनींनो, केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे हातभर केस ही जवळजवळ ४ वर्षांची वाढ झाली. ते ओझे आपण एका दुपारी दुबळ्या मुळांवर टांगतो. घट्ट केशबंधनाने टक्कल पडते, ही गोष्ट ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या बाबतीत १९०७ सालीच वैद्यकाने नोंदविली आहे. ओढ वेळीच थांबविली तर केस बहुधा परत येतात. दुर्लक्ष केले तर मूळच मरते आणि मग कोणतेही तेल उपयोगी पडत नाही. दुखणे, कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या येणे, कानशिलाची रेषा मागे सरकणे, ही पूर्वसूचना समजावी. काही गोंदांत रबराचा चीक असतो. तो ज्यांना सोसत नाही त्यांच्या अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वासही कोंडतो. जोडाखालची त्वचा ओली राहिली तर खाज सुटते आणि बुरशीही धरते.

म्हणून माझी विनंती ऐका. समारंभासाठी चिमट्याचे हलके गंगावन लावा आणि निजण्यापूर्वी काढा. दुखू लागले तर सवयीची वाट न पाहता तत्काळ सोडवा. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस गळतात आणि बहुधा वर्षभरात पूर्ववत होतात, तेवढा धीर धरा. एरवी केस झपाट्याने विरळ होत असतील तर आधी रक्ताची व थायरॉईडची तपासणी करून घ्या, गंगावनाचे मग पाहू.

शेवटचे सांगणे माझ्या व्यवसायभगिनींना आहे. गिऱ्हाईक परत गेले तर दिवसाची कमाई बुडते, हे मला ठाऊक आहे. परंतु १८९० साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, नाभिक बांधवांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. त्यांनाही पोट होते. कोणत्या डोक्याला आपला हात लावावयाचा नाही, हे ठरविण्याचा अधिकार आपल्या समाजाने तेव्हाच बजावला आहे. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, मग आपल्याला गोंदाची बाटली खाली ठेवणे जड का जावे?

माझ्या पुतणीच्या कानशिलावर आता कोवळी लव दिसू लागली आहे. ती दर रविवारी माझ्याकडे तेल लावून घ्यायला येते. तिने मला क्षमा केली आहे. तुमच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला मात्र “दुखते का?” असे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा, आणि तिचे उत्तर खरे माना, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेते.