कंपायलरचा इशारा
(अध्यक्षीय भाषण)



१९५६ च्या १ नोव्हेंबरला नागपूर-विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा व सौंसर हा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून आपल्या मुलांच्या वाट्याला घरी मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी आणि पुढच्या शिक्षणात इंग्रजी असा तिहेरी व्यवहार आला आहे. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, त्यामुळे येथील शिक्षणाचा विचार येथेच बसून करण्याची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे. या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. संगणकाच्या भवितव्याविषयी व्यापक विवेचन करण्याऐवजी, सी भाषेतील एका लहानशा प्रोग्रॅमच्या बिघाडाची मी सविस्तर चिकित्सा करणार आहे. कारण आपल्या अध्यापनातील मुख्य उणीव मला त्या एका उदाहरणात संपूर्ण दिसते.

प्रोग्रॅम वीस-पंचवीस ओळींचा आहे. संगणकाचे नाव द्यावे, गेटहोस्टबायनेम या फंक्शनने त्याचा अंकी पत्ता मिळवावा, आयनेट-एनटूए या फंक्शनने तो चार संख्यांच्या वाचनीय रूपात आणावा आणि प्रिंटएफने पडद्यावर छापावा, एवढेच त्याचे कार्य. विद्यार्थी तो जुन्या आवृत्तीच्या कंपायलरने कंपाइल करतो, चालवतो, आणि उत्तराच्या जागी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हे दोन शब्द उमटतात. मग तो नेटवर्कची तार तपासतो, प्रयोगशाळेच्या जोडणीला दोष देतो, आणि अखेरीस आपले डोके या विषयाचे नव्हेच असा स्वतःविरुद्ध निवाडा देऊन मोकळा होतो.

वस्तुतः तपासाचा पहिला नियम असा की, ज्याच्यावर संशय आहे त्याला आधी दृश्यातून दूर करून पाहावे. नावाच्या जागी १२७.०.०.१ हा आपल्याच यंत्राचा पत्ता दिला तर बाहेर कोणालाही विचारावे लागत नाही. तरीही प्रोग्रॅम कोसळला, तर नेटवर्क निर्दोष ठरले. नंतर जीडीबी या तपासनिसाला साक्षीस बोलावावे. तो सांगतो की यंत्र प्रिंटएफच्या पोटात, अक्षरांची लांबी मोजताना थांबले. येथे पुष्कळ विद्यार्थी प्रिंटएफला गुन्हेगार ठरवतात. परंतु दोष जेथे प्रकट होतो तेथेच तो जन्मलेला असतो असे नाही, आणि हा भेद कळणे हीच या विद्येची खरी दीक्षा आहे.

दोषाचे मूळ प्रोग्रॅमच्या माथ्यावर, न लिहिलेल्या एका ओळीत आहे. आयनेट-एनटूएची घोषणा आर्पा/आयनेट.एच या हेडरमध्ये असते, आणि तेच जोडलेले नाही. सी भाषेच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, घोषणा नसलेले फंक्शन पूर्णांकच परत देते असे कंपायलर गृहीत धरी. १९८३ साली बर्कली येथील युनिक्सच्या ४.२ आवृत्तीबरोबर ही नेटवर्क-फंक्शने प्रचारात आली, तेव्हा व्हॅक्स यंत्रावर पूर्णांक आणि स्मृतीतील पत्ता हे दोन्ही चार-चार बाइटांचेच असल्यामुळे ही गफलत निमूटपणे खपून जाई. आजच्या चौसष्ट-बिटी यंत्रावर पूर्णांक चार बाइटांचा राहिला आणि पत्ता आठ बाइटांचा झाला. दिल्लीकडे निघालेल्या संत्र्याच्या गाडीच्या बिल्टीवरचा अर्धा पत्ता फाटावा आणि चालकाने उरलेल्या अर्ध्यावर भरवसा ठेवून निघावे, तसा प्रिंटएफ त्या छाटलेल्या पत्त्यावर जातो आणि निषिद्ध स्मृतीत पाऊल टाकताच कार्यप्रणाली त्याला थांबवते.

आणि, मित्रहो, कंपायलरने ही सर्व हकीकत आधीच सांगितलेली असते! फंक्शनची घोषणा आढळली नाही, पूर्णांकापासून पत्ता बनवला जात आहे, असा इशारा तो ओळीच्या क्रमांकासह देतो. पण ‘एरर असेल तर पाहा, वॉर्निंग सोडून द्या’ हे वाक्य आपल्या प्रयोगशाळांतून इतके रूढ झाले आहे की विद्यार्थ्याच्या डोळ्यांना ती अक्षरे दिसतच नाहीत. हे वाक्य शिकवणे अत्यंत घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकाने तो जुना रिवाज रद्द केला, तरी जीसीसी कंपायलर दीर्घकाळ केवळ इशाऱ्यावर भागवीत आला. २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीपासून मात्र त्याने ही चूक थेट एरर ठरवली. सहिष्णुतेची पाव शतकाची मुदत संपली, हे उत्तमच झाले.

आयनेट-एनटूए या फंक्शनची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. ते आपले उत्तर एकाच राखीव जागेत लिहिते. म्हणून एकाच प्रिंटएफमध्ये दोन पत्त्यांसाठी त्याला दोनदा पाचारण केले, तर एकच पत्ता दोनदा छापला जातो. मॅन-पृष्ठावर हा खुलासा स्वच्छ लिहिलेला आहे, आणि ज्याला स्वतःची जागा पुरवता येते असे आयनेट-एनटूपी हे फंक्शनही आज उपलब्ध आहे. तसेच, गेटहोस्टबायनेमच्या जागी आलेल्या नव्या गेटॲड्रइन्फो या फंक्शनचे अपयश त्याच्या परत दिलेल्या संख्येत असते. ती तिचा अर्थ सांगणाऱ्या जीएआय-स्ट्रएररकडून वाचून न घेता इतर सामान्य चुका सांगणाऱ्या पीएररला विचारणे म्हणजे भलत्याच कचेरीत अर्ज करणे होय. पोर्ट ८० देताना बाइटांचा क्रम नेटवर्कप्रमाणे लावणारे एचटूएनएस हे फंक्शन विसरले, तर आपल्या नेहमीच्या यंत्रांवर तो २०४८० होतो. ही संख्या दिसताच बाइटांचा क्रम उलटला हे ओळखता यावे.

आपल्या विद्यार्थ्याची अडचण बुद्धीची नाही. तिसऱ्या भाषेत आलेले, आटोपशीर आणि परिभाषेने भरलेले वाक्य थांबून वाचण्याची सवय त्याला कोणी लावलेली नाही. त्याने कंपायलरचा इशारा मोठ्याने वाचावा, त्याचा अर्थ मराठीत सांगावा, कोणत्या ओळीविषयी तो आहे ते बोट ठेवून दाखवावे, आणि मगच प्रोग्रॅमला हात लावावा, ही शिस्त लावण्यास कोणत्याही विशेष अनुदानाची वा मंजुरीची आवश्यकता नाही. उलट, अनेक ठिकाणी अद्याप चालणारा १९८७ चा टर्बो सी मात्र आता निवृत्त केला पाहिजे. डॉसवरच्या त्या साधनात ही नेटवर्क-फंक्शने मुळातच नाहीत, आणि जीसीसी विनामूल्य मिळतो.

म्हणून येथे जमलेल्या प्रत्येक अध्यापकाला माझी विनंती आहे की, येत्या सत्रापासून प्रात्यक्षिकाचा प्रत्येक प्रोग्रॅम ‘डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय लावूनच कंपाइल करवून घ्यावा, एकही इशारा शिल्लक असेपर्यंत वहीवर सही करू नये, आणि प्रत्येक बिघाडाची कैफियत, म्हणजे काय दिसले, कशाचा संशय घेतला, तो कसा खरा वा खोटा ठरला, हे विद्यार्थ्याकडून त्याच्या स्वतःच्या मराठीत लिहवून घ्यावे.