आधी फोटो, मग शेक

परळच्या टाटा रुग्णालयात किरणोपचार, म्हणजे आपल्या बोलण्यातला शेक, घ्यायला येणारे कितीतरी रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्याच नाना पालकर रुग्णसेवा सदनात उतरतात. ‘मशीनखाली झोपवल्यावर आधी फोटो कशाला? आणि कधीकधी दोनदा का?’ हे त्यांचं नेहमीचं विचारणं. आज त्याबद्दलच बोलू.

गाठ शरीरात एका जागी खिळलेली नसते. फुप्फुसाच्या खालच्या भागातली गाठ श्वासाबरोबर एक-दोन सेंटिमीटर सहज वरखाली होते. प्रोस्टेट ग्रंथी रोज थोडी सरकते, कारण लघवीची पिशवी आणि मलाशय रोज सारखे भरलेले नसतात. शेजारचं हृदय, आतडं वाचवून नेम धरायचा, तर गाठ दिसायला हवी.

उपचाराच्या जोरदार किरणांनीही फोटो निघतो, पण त्यात हाड-मांस जवळजवळ सारखंच करडं दिसतं. म्हणून मशीनला वेगळी एक्स-रे नळी बसवलेली असते, साधारण शंभर-सव्वाशे किलोव्होल्टची, छातीचा एक्स-रे काढतात तशी. हे सौम्य किरण हाडातलं कॅल्शियम जास्त अडवतं, त्यामुळे हाड उठून दिसतं.

तरीही फोटो धूसर येतो, त्याला मुख्य कारण शरीरात विखुरलेले किरण. कसारा घाटातल्या धुक्यात गाडीचे दिवे प्रखर केले तर रस्ता दिसण्याऐवजी समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते, तसंच इथे. किरण वाढवले की फोटोतले दाणे कमी होतात, पांढुरकेपणा जात नाही. तो घालवायला फोटो टिपणाऱ्या पडद्यासमोर शिशाच्या बारीक पट्ट्यांची जाळी लावतात, किंवा किरणांचा झरोका लहान करून गाठीपुरताच भाग टिपतात. कमी जागा टिपली की चित्र जास्त स्वच्छ येतं. गाठ बरगडीआड लपत असेल, तर दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे फोटो काढून संगणक त्यातलं हाड वजा करू शकतो. प्रोस्टेटमध्ये काही वेळा सोन्याचे बारीक दाणे ठेवतात. ते एक्स-रेत ठळक दिसतात आणि त्यांच्यावरून जागा कळते.

एवढं करूनही एका गोष्टीवर यंत्राचा इलाज थोडाच चालतो, ती म्हणजे रुग्णाची हालचाल. मशीन अंगाभोवती फिरून जो स्कॅन घेतं, त्याला मिनिटभर तरी लागतं. तेवढ्यात तुमचे बारा-पंधरा श्वास होतात. श्वास एका लयीत असेल तर हिशेब लागतो. मध्येच खोल उसासा टाकला, मान वळवली, की चित्र फिसकटतं आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. फोटोतले किरण उपचाराच्या मानाने फारच थोडे असतात, त्यांना घाबरू नका. पण विनाकारण दोनदा कशाला घ्यायचे?

लघवीची पिशवी भरण्यासाठी पाणी प्यायला सांगितलं असेल, तर सांगितलं तेवढंच आणि सांगितलेल्या वेळीच प्या. शक्यतो रुग्णालयात पोहोचल्यावर प्या. लालबागच्या रहदारीत टॅक्सी अडकली की भरलेली पिशवी आवरत नाही, हे अनेकांनी भोगलंय. पोट साफ नसेल, गॅस झाला असेल, तर लाजू नका, बोला. फोटोच्या भागात येणारी साखळी, ताईत, धातूचं बटण काढून ठेवा. तोंडाच्या किंवा गळ्याच्या उपचारात वजन उतरून चेहऱ्यावर बसवायचा साचा, म्हणजे मोल्ड, सैल झाला, तर त्याच दिवशी सांगा. नेमासाठी अंगावर काढलेल्या खुणा पुसट झाल्या तर घरी पेनाने गिरवू नका. तिथले तंत्रज्ञच त्या पुन्हा करतील.

आणि खोकल्याची उबळ दाबत पडून राहू नका. दार बंद असलं तरी कॅमेरा आणि माइक सुरू असतो. हाक मारा, मशीन लगेच थांबवता येतं.