पानाचा ठसा



भेंडीचे ठसे आपण सगळ्यांनीच उमटवले. निवृत्तीनंतर मी मोनोप्रिंट शिकते आहे. काचेवर रोलरने शाईचा पातळ थर द्यायचा, त्यावर सीताफळाचं पान ठेवायचं, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. पानाची जागा कोरी राहते. मग पान अलगद उचलून दुसरा कागद दाबला, की शिरा उमटतात. हुबेहूब तसा ठसा पुन्हा निघत नाही.

आपल्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही; बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण दिवाळीच्या सुमारास कितीतरी मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. जाण्याआधी प्रत्येकाचा एक ठसा नावासह वर्गात लागावा. परतल्यावर आपली जागा राखलेली त्याला दिसेल. शाई-रोलरचा खर्च आपल्या बॅचने उचलावा, एवढीच विनंती.