पेंग्विनचा एसी आणि काळविटाचा माळ

मागच्या भागाखाली एका श्रोत्याने विचारलं होतं, "प्राणिसंग्रहालयात वाळवंटाचा प्राणी ठेवणं अवघड की माळरानाचा?" मी प्राणिशास्त्र शिकलेले नाही. बीटेक केलंय, पवईत एका ऑफिसात बसून कोड लिहिते. पण प्राणिसंग्रहालयांचं मला वेड आहे. कांजूरला स्लो लोकल पकडायची, भायखळ्याला उतरायचं, की राणीची बाग. (बुधवारी बंद असते, तेवढं बघून जा.) तर आजचा भाग या प्रश्नावर.

आधी मी विचारते. राणीच्या बागेत वाळवंटाच्या काठचा प्राणी कोणता, सांगा बरं? बहुतेक जण म्हणतील, तिथे उंट कुठाय? उंट सोडा. उत्तर आहे पेंग्विन.

हसू नका. आपल्याकडचे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. जुलै २०१६ मध्ये सेऊलहून आठ आणले आणि मार्च २०१७ पासून लोकांना बघायला मिळाले. या जातीचा अंटार्क्टिकाशी काही संबंध नाही. हे राहतात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, म्हणजे अटाकामा वाळवंट जिथे समुद्राला भिडतं तिथे. जमीन रखरखीत, पाऊस जवळजवळ शून्य, आणि शेजारचा समुद्र थंडगार, कारण दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाह येतो. पक्षी पोटासाठी थंड पाण्यात उतरतो आणि घरट्यासाठी कोरड्या जमिनीवर येतो. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर साचून कडक झालेले असतात, त्यात बीळ खोदून अंडी घालतो. उन्हापासून सावली हवी म्हणून बीळ. उबेसाठी नव्हे.

काचेपुढे उभं राहिलं की दर दोन मिनिटांनी एखादं पोर विचारतं, "बाबा, बर्फ कुठाय?" आणि बाबा काहीतरी ठोकून देतात. माझ्या मते त्या दालनात बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण एक मोठा नकाशा लावा. अटाकामाचा.

आता एसीचं बघू. आत १६ ते १८ अंश ठेवतात. आपल्याला वाटतं, केवढी थंडी! पण मुद्दा नुसत्या आकड्याचा नाही. मुंबईची खरी अडचण दमटपणाची आहे. बंदिस्त पेंग्विनांचा जुना शत्रू म्हणजे फुफ्फुसात वाढणारी बुरशी, ॲस्परजिलस. कोंदट, ओली हवा तिला मानवते. म्हणून त्या दालनात हवा थंड तर करावी लागतेच, शिवाय गाळावी आणि फिरवत ठेवावी लागते. पाणीसुद्धा तसंच. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल, ती सर्व्हर रूम आहे. पैसे टाका, यंत्रं लावा, वीज गेली तर जनरेटर, जनरेटर गेला तर दुसरा जनरेटर. एक गोष्ट बंद पडली तरी सगळं बंद पडता कामा नये, एवढंच बघायचं.

वाळवंटी प्राण्यांचं सगळीकडे थोडंफार असंच आहे. उंटाचंच घ्या. तहानलेल्या उंटाच्या शरीराचं तापमान दिवसात ३४ पासून ४१ अंशांपर्यंत वर-खाली होतं. दिवसभर उष्णता साठवायची, घाम गाळून पाणी घालवायचं नाही, आणि रात्री थंड हवेत ती उष्णता सोडून द्यायची. म्हणजे सगळी मदार रात्रीवर. जैसलमेरला मे महिन्यात दिवस-रात्रीत पंधराएक अंशांचा फरक पडतो. मुंबईत मे महिन्यात? जेमतेम साताठ. पहाटे चारला गॅलरीत उभं राहून बघा, अंगाला चिकचिक असतेच. म्हणजे "मुंबईत काय, वाळवंटापेक्षा ऊन कमी" हा हिशोब उपयोगाचा नाही. ऊन कमी आहे, पण रात्रही तशी नाही.

छोट्या वाळवंटी प्राण्यांचा फरक दिवस-रात्रीत नसतो, वर-खाली असतो. उन्हाळ्यात वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो, पण हातभर खाली गेलं की गारवा, तोही बराचसा स्थिर. सांडा, वाळवंटी उंदीर, कोल्ह्यांच्या छोट्या जाती, सगळ्यांचं आयुष्य या हातभर अंतरावर चालतं. म्हणून काँक्रीटच्या तळावर चार इंच वाळू पसरून "वाळवंट" अशी पाटी लावणं म्हणजे घर न देता फक्त गच्ची देणं. वाळू खोल हवी, खाली थोडी ओल हवी, बीळ कोसळणार नाही अशी माती मिसळलेली हवी. हे जमतं, जागाही फार लागत नाही. अमेरिकेत ओमाहा शहरात २००२ पासून एका घुमटाखाली तीन वाळवंटं आहेत. नेदरलँड्समध्ये आर्नेमला १९९४ पासून छताखाली वाळवंट आहे, बाहेर पाऊस पडत असतो आणि आत निवडुंग. दोन्हीकडे वाळवंट ही इमारत आहे.

माळरान मात्र इमारतीत मावत नाही.

काळवीट काय करतं? बघतं आणि पळतं. लपण्यावर त्याचा भरवसा नाही, नजरेवर आणि पायांवर आहे. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावणारा प्राणी. हायनी हेडिगर नावाचे स्विस प्राणिसंग्रहालय-संचालक होते, बर्न, बासेल आणि झुरिक इथे काम केलेले. त्यांनी 'पलायन अंतर' ही कल्पना मांडली. शत्रू अमुक अंतराच्या आत आला की प्राणी पळणार. पिंजऱ्यातली सगळी जागाच या अंतराच्या आत असेल, तर प्राणी दिवसभर "आता पळू की नंतर" याच अवस्थेत राहतो. बाहेरून बघणाऱ्याला तो शांत उभा दिसतो.

हॅम्बुर्गला कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये गज काढून खंदक केले, तेव्हा जगाला वाटलं की प्रश्न सुटला. कोणता प्राणी किती लांब उडी मारतो हे मोजून खंदकाची रुंदी ठरवायची, अस्सल इंजिनिअरिंग. पण त्याने आपल्याला दिसणारे गज गेले. काळविटाला पळायला जागा त्यातून आपोआप मिळत नाही.

आता आकडे बघा, मला हा भाग फार आवडतो. राणीची बाग सगळी मिळून साधारण ५० एकर. झाडं, रस्ते, तिकीटघर, सगळं धरून. आणि कर्जत तालुक्यातलं, म्हणजे नगरकडच्या कर्जतमधलं, रेहेकुरी काळवीट अभयारण्य हे आपल्या राज्यातलं अगदी छोटं अभयारण्य. २.१७ चौरस किलोमीटर. एकरात काढलं तर सुमारे ५३६. म्हणजे काळविटांचं "छोटं" घर राणीच्या बागेच्या दहापट! सॅन डिएगोवाल्यांना हे कळलं होतं. त्यांनी शहरातली बाग ठेवली आणि गवताळ प्रदेशांतल्या कळपांसाठी १९७२ मध्ये शहराबाहेर १८०० एकरांवर वेगळा पार्क उघडला.

त्यात आपल्याकडचं कौतुक असं, की बागेचं सौंदर्य म्हणजे झाडी. राणीच्या बागेतली शंभर वर्षांची झाडं मलाही जिवापाड प्रिय आहेत. पण काळविटाला झाडी म्हणजे नजरेची अडचण, बिबट्या दडायची जागा. शिवाय मुंबईचा दोन-सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस. माळावरच्या प्राण्याचे खूर खडबडीत, कोरड्या जमिनीवर घासले जातात म्हणून मापात राहतात. मऊ, ओल्या मातीत ते वाढत जातात, मग लंगडणं, मग जखमा.

पावसाळ्यावरून चित्ते आठवले. नामिबियातून सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोला आठ आणले, २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी. तिकडे जून ते सप्टेंबर हिवाळा. तर शरीराने जुन्या कॅलेंडरप्रमाणे हिवाळ्याची दाट लव वाढवली, ऐन आपल्या पावसाळ्यात. कॉलरखाली ओल राहिली, जखमा झाल्या, अळ्या पडल्या, काही चित्ते त्यात गेले. आम्ही याला टाइमझोनचा बग म्हणू, पण हा बग अंगातच लिहिलेला आहे, पॅच करता येत नाही.

तर श्रोत्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. वाळवंट महाग, पण विकत घेता येतं. माळरानाला यंत्रं फारशी लागत नाहीत, जमीन लागते. मुंबईकडे पैसा आहे आणि जमीन नाही, म्हणून आपल्याकडे पेंग्विन नीट राहू शकतात आणि काळवीट नाही. माझं स्पष्ट मत, राणीच्या बागेने कळपाने धावणारा कुठलाच प्राणी नवीन आणू नये. खोल वाळूचं, रात्रीच्या प्राण्यांचं एक छोटं दालन करावं, ते इथे उत्तम जमेल.

मग माळावरचे प्राणी बघायचेच नाहीत का? इथे एक पक्षी मधे येतो, माळढोक. हा राजस्थानात वाळवंटाचा आणि सोलापुरात माळाचा, एकच पक्षी. देशात दीडशेच्या आतच उरलेत. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आता तिथे एखादा दिसला तर बातमी होते. कारणं पुष्कळ आहेत, पण एक ऐका. सरकारी नकाशात माळ म्हणजे 'पडीक जमीन'. पडीक म्हटलं की झाडं लावा, कारखाना आणा, विजेच्या तारा न्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, त्याचे डोळे बाजूला, आणि एवढं जड धूड ऐनवेळी वळत नाही. तारेवर आदळतो.

जैसलमेरजवळ सम इथे २०१९ पासून प्रजनन केंद्र आहे. रानातली अंडी उचलून उबवतात, पिल्लं वाढवतात. हे जमू शकतं, अरबी ओरिक्सच्या बाबतीत जमलंय. तो १९७२ मध्ये रानातून संपला होता, पण फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात १९६३ पासून कळप राखला होता, म्हणून १९८२ मध्ये ओमानमध्ये पुन्हा सोडता आला. पण ओमानचं वाळवंट जागेवर होतं. समच्या केंद्रातली पिल्लं उद्या मोठी झाली आणि कुणी म्हणालं, "चला, यातली चार नान्नजला सोडू," तर तारा नसलेला, गिरिपुष्पाची लागवड नसलेला माळ किती शिल्लक असेल?

म्हणून काळवीट, चिंकारा, लांडगा बघायचा तर गाडी काढून माळावर जा. पुणे वन विभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली आहे, गावातलीच मुलं गाइड असतात. तिकिटाचे पैसे गावाकडे जायला लागले की त्या जमिनीला पडीक म्हणणं लोकांनाच जड जाईल, असा माझा अंदाज आहे. पवईहून पहाटे निघालात तर दुपारच्या उन्हाआधी पोचत नाही, म्हणून आदल्या रात्री बारामतीत मुक्काम करा. दुर्बीण न्या. आणि भडक टीशर्ट नको, तिकडून तुम्ही एक किलोमीटरवरून दिसता.

पुढच्या भागात पवई तलावातल्या मगरींवर बोलू, त्याचेही प्रश्न आत्ताच पाठवून ठेवा.