यंत्रमानव, मोटारीचा कारखाना आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनातील व्याख्यान म्हटले म्हणजे संतवाङ्मय, विवाहातील खर्च किंवा मुलींचे शिक्षण यांपैकी एखादा विषय असावयाचा, असा आजवरचा परिपाठ आहे. यंदा मोटारीच्या कारखान्यातील यंत्रमानवावर आम्ही बोलणार, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटले असेल. आम्ही अभियंते नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यानंतर सारा जन्म खडू-फळ्याशी, एवढीच आमची पुंजी. परंतु शिष्यवृत्ती समितीपुढे अर्ज घेऊन येणारे पालक अलीकडे एकच प्रश्न विचारतात : "गुरुजी, पोराला आय.टी.आय.ला घालावे की नाही? पुढे सगळे रोबोच करणार म्हणतात." हा प्रश्न आपल्या घराघरांतील भाकरीचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही यथामति जे वाचन केले, त्याचा सारांश आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ शब्दापासून करू. 'रोबो' हा शब्द यंत्रशाळेत जन्मलेला नाही, तो नाटकातून आलेला आहे. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली लिहिलेल्या नाटकात तो प्रथम अवतरला, आणि तो त्यांस त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचविला होता. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ, बिगार. वेठ म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांस कोणी समजावून द्यावे लागले नसते. त्या नाटकात हे वेठबिगारी शेवटी मानवजातीवर उलटतात, म्हणून नावाबरोबरच भयही आले. परंतु कारखान्यातील यंत्रमानवास ना डोके असते, ना पाय. तो असतो केवळ एक लोखंडी हात. खांदा, कोपर आणि मनगट अशा सांध्यांत बहुधा सहा ठिकाणी वळणारा, आणि टोकाशी जे अवजार बांधावे ते चालविणारा.

या हाताची गरज का पडली, हे समजण्यासाठी हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यापर्यंत मागे जावे लागते. १९१३ साली अमेरिकेतील हायलंड पार्क येथे त्यांनी सरकती जुळणी-रांग सुरू केली. गाडी पुढे सरकावयाची आणि कामगाराने जागेवर उभे राहून एकच काम करावयाचे. पूर्वी एका गाडीचा सांगाडा जुळविण्यास साडेबारा तास लागत, ते काम सुमारे दीड तासावर आले. गाडी स्वस्त झाली आणि दीड कोटीहून अधिक 'मॉडेल टी' गाड्या रस्त्यावर आल्या. परंतु या व्यवस्थेत एक मोठे वैगुण्य होते. सर्व यंत्रे त्या एकाच गाडीसाठी घडविलेली होती. १९२७ साली लोकांस नवी गाडी हवीशी झाली, तेव्हा कारखाना सुमारे सहा महिने बंद ठेवून यंत्रे बदलावी लागली, आणि हजारो कामगार घरी बसले. जे यंत्र एकच काम जाणते, ते काम संपले की त्याचे ओझे होते. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. माणसांच्या बाबतीतही आम्ही पुढे तिचाच आधार घेणार आहोत.

पहिला औद्योगिक यंत्रमानव १९६१ साली कामावर रुजू झाला. जॉर्ज डेव्हॉल यांनी त्याची कल्पना मांडली आणि जोसेफ एंगलबर्गर यांनी ती बाजारात आणली. 'युनिमेट' नावाचा हा हात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जनरल मोटर्सच्या ट्रेंटन येथील कारखान्यात बसविण्यात आला. साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग उचलण्याचे काम त्यास दिले होते. ते काम माणसाच्या हातास व फुप्फुसास घातकच होते, ते यंत्राने घेतले याचे दुःख कोणी करू नये. पुढे हे हात मुख्यत्वे जोडकामात शिरले. मोटारीच्या एका सांगाड्यात पत्र्याला पत्रा जोडणारे ठिपके काही हजारांच्या घरात असतात. ठिणग्यांच्या वर्षावात जड वेल्डिंगची बंदूक धरून ते मारीत राहणे हे हाड मोडणारे काम. तेही हाताने घेतले, रंगकामही घेतले. अर्थात तेथील कामगारांची गरज कमी झाली, हे सत्य आम्ही आपणांपासून लपवू इच्छीत नाही.

आता शिक्षकाच्या दृष्टीने जी गोष्ट आम्हांस सर्वांत रोचक वाटली ती सांगतो. यंत्रमानवास काम 'शिकवावे' लागते, आणि कारखान्यातही हाच शब्द वापरतात. एक जाणता कारागीर हातात नियंत्रक-पाटी घेऊन त्या लोखंडी हातास एकेका ठिकाणी नेतो : येथे थांब, येथे वळ, येथे ठिपका मार. तो ते सारे स्मरणात साठवितो आणि मग लक्ष वेळा बिनचूक म्हणून दाखवितो. आमच्या वर्गातील घोकंपट्टी करणाऱ्या विद्यार्थ्याची येथे आम्हांस आठवण झाली. प्रश्न तोच असेल तर पैकीच्या पैकी गुण, प्रश्न थोडा फिरविला की गाडी अडली. अलीकडे या हातास कॅमेऱ्याचा डोळा व स्पर्शाची जाणीव मिळाली आहे, त्यामुळे तो थोडा शहाणा झाला आहे. तरी काय करावयाचे आणि का करावयाचे, हे ठरविणारा गुरू अद्याप माणूसच आहे.

परंतु यंत्रमानवाचा खरा गुण हा की, त्यास धडा बदलून देता येतो. फोर्डच्या यंत्रास तो देता येत नव्हता. आज एकाच रांगेवर तीन-चार प्रकारच्या गाड्या पाठोपाठ येतात. प्रत्येक सांगाड्याबरोबर त्याची ओळखचिठ्ठी असते. ती वाचून हात त्या गाडीचा धडा काढतो, प्रसंगी टोकाचे अवजारही स्वतः बदलतो. यालाच लवचीक उत्पादन म्हणतात. आज कोणत्या गाडीस मागणी आहे ते पाहून उद्या तीच अधिक काढावयाची, कारखाना बंद ठेवावयाचा नाही.

मात्र ही लवचीकता केवळ यंत्रातून येते, असे कोणी समजू नये. १९६९ साली जपानच्या टोयोटा कारखान्यात एक हजार टनी प्रेस यंत्राचा साचा बदलण्यास चार तास लागत. शिगेओ शिंगो नामक तज्ज्ञाने कामगारांसह बसून प्रत्येक कृती तपासली. यंत्र थांबल्यावरच करता येते ते काम वेगळे काढले, आणि यंत्र चालू असतानाच उरकून ठेवता येते ते वेगळे काढले. प्रथम चार तासांचा दीड तास झाला, आणि पुढे काही महिन्यांत केवळ तीन मिनिटे! येथे बसलेल्या भगिनींस यात नवे काही वाटणार नाही. कढई तापल्यावर कांदा चिरावयास बसणारी सुगरण कोणी पाहिली आहे काय?

टोयोटाचे मूळही आपणांस जवळचे वाटावे असे आहे. साकिची टोयोडा हे सुतारकाम व शेती करणाऱ्या बापाचे चिरंजीव. त्यांनी हातमागात सुधारणा करता करता १९२४ साली असा स्वयंचलित माग सिद्ध केला की, सूत तुटताच तो आपोआप थांबे, म्हणजे सदोष कापड निघतच नसे. त्याचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने एक लक्ष पौंडांस घेतले. त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी मोटारीचा उद्योग उभारला. 'स्वयंचलन' हा शब्द लिहिताना टोयोटाचे लोक त्यातील एका अक्षरास 'माणूस' दर्शविणारे चिन्ह जोडतात. अर्थ असा की यंत्र चालावे, पण त्यात माणसाची अक्कल असावी.

ज्यांनी हे चिन्ह गाळले त्यांचे काय झाले, हे पाहण्यास एकच गाव पुरेसे आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. मालक-मजूर बेबनाव इतका की, शंभरांतील सुमारे वीस कामगार रोज गैरहजर असत. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा उघडला, आणि बहुतांश जुनेच कामगार परत घेतले. फरक एवढाच की, दोष दिसताच कोणाही कामगारास दोरी ओढून रांग थांबविता येऊ लागली. गैरहजेरी शेकडा दोन-तीनांवर आली आणि गाड्यांची प्रत जपानच्या तोडीची झाली. त्याच दशकात जनरल मोटर्सने इतरत्र यंत्रमानवांवर अब्जावधी डॉलर ओतले. त्यांच्या हॅमट्रॅमक येथील नव्या कारखान्यात यंत्रमानव गाड्यांऐवजी एकमेकांसच रंग फासत असल्याची वृत्ते तेव्हा प्रसिद्ध झाली होती.

फ्रीमाँटची ती भागीदारी २०१० साली संपली व ती वास्तू टेस्ला कंपनीकडे गेली. २०१८ साली तेथे नवी गाडी जवळजवळ सर्वस्वी यंत्रांकरवी काढण्याचा घाट घातला गेला आणि उत्पादन रखडले. बॅटरीवर काचतंतूंची एक मऊ चटई ठेवणे यंत्राच्या हातास काही केल्या साधेना. पुढे तपासणी केली तेव्हा त्या चटईची गरजच नव्हती असे आढळले! जेथे चटई नकोच आहे तेथे ती ठेवण्याचा धडा यंत्र इमानाने गिरवीत राहते. "हे कशासाठी?" असे विचारणे त्याच्या स्वभावात नाही. अतिरेकी यांत्रिकीकरण ही चूक होती आणि माणसाचे मोल आपण कमी लेखले, असे त्या कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केले.

टोयोटाने तर यंत्रमानव हाताशी असताना काही जागी मुद्दाम हातकाम परत आणले. तापले लोखंड हाताने ठोकून भाग घडविण्यास तरुणांस लावले. हेतू हा की, काम ज्याच्या हातात मुरले आहे तोच यंत्रास सुधारून शिकवू शकेल. या उपक्रमाचे धुरीण मित्सुरू कवाई यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. कंपनीच्या प्रशिक्षणशाळेत शिकून ते कामगार म्हणून लागले, आणि २०१७ साली त्या जगड्व्याळ कंपनीचे कार्यकारी उपाध्यक्ष झाले.

आता आपल्या अंगणात येऊ. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव हा पट्टा मोटारीच्या धंद्याचे माहेरघर आहे. २००९ साली चाकणला जर्मनीच्या फोक्सवॅगनचा कारखाना उघडला. तेथील जोडकामशाळेत यंत्रमानव आहेत, आणि इतर कारखान्यांतही ते आहेत. २०२३ या एका वर्षात भारतात सुमारे साडेआठ हजार औद्योगिक यंत्रमानव बसविले गेले, आणि त्या वर्षी या बाबतीत आपला देश जगात सातवा होता. ही लाट थोपविणे आपल्या हाती नाही.

मग पालकांच्या प्रश्नास उत्तर काय? आमचे उत्तर असे. मुलास आय.टी.आय.ला अवश्य घाला, पण एकच काम हाती धरून निवांत बसण्यासाठी घालू नका. जोडारी, वीजकाम, मेकॅट्रॉनिक्स यांतील काही तरी त्याने मुळापासून शिकावे आणि जोडीस गणित व नकाशावाचन पक्के करावे. केवळ ठिपका मारणाऱ्याची जागा जाईल. ठिपका का सुटला हे ओळखणारा, हातास नवा धडा देणारा आणि बिघडलेला सांधा दुरुस्त करणारा कारागीर लागणारच आहे. जागा मोजक्या असतील, म्हणून तयारी अधिक हवी. आणि हे मुलींसही तितकेच लागू आहे, कारण नियंत्रक-पाटी धरण्यास दंडातील बळ लागत नाही.

संस्थेसही आमचे मागणे आहे. आपला शिष्यवृत्ती निधी पूर्वजांनी पै-पै जमवून उभा केला आहे. आज तो जवळजवळ सर्व पदवीच्या विद्यार्थ्यांकडे जातो. त्यातील एक तृतीयांश आय.टी.आय. व पदविकेच्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा. दुसरे असे की, पस्तिशी-चाळिशीतील ज्या ज्ञातिबांधवाची नोकरी यंत्राने गेली असेल, त्यास पुन्हा शिकण्यासाठी फी आणि त्या मुदतीत घरखर्चास आधार द्यावा. मुलाच्या पाठीवर हात ठेवणारे पुष्कळ असतात, परंतु घरी बसलेल्या बापाची चौकशी कोणी करीत नाही. पुन्हा विद्यार्थी होण्यास लाज वाटते, आणि ती लाज घालविणे हे ज्ञातिसंस्थेचे काम आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्षांकडे मागितली आहे. आपण त्यावर साधकबाधक विचार करावा, विरोध असल्यास तोही उघड बोलून दाखवावा, एवढी विनंती आहे.